पाऊस पळवणारे पंखे

खडकीहून औंध रोडने निघालं की स्पायसर कॉलेजच्या समोर 'महाऊर्जा'ची इमारत लागते. महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण असं तिचं भारदस्त नाव. मी तिला ऊन-वाऱ्याचं सरकारी खातं म्हणतो. परवा तिच्यावरून जाताना मामांची आठवण झाली, आणि वीसेक वर्षांपूर्वीच्या आमच्या एका भांडणाचीही.

माझं आजोळ सांगली जिल्ह्यातल्या कवठेमहांकाळ तालुक्यातलं. २००४ च्या उन्हाळ्यात गेलो होतो. लागोपाठ पावसाने दगा दिलेला, जनावरं छावणीत, आणि तिकडच्या माळांवर नव्या कोऱ्या पवनचक्क्या. गावात त्यांना नुसतं 'पंखे' म्हणत. आणि गावाचं ठाम मत होतं की पाऊस या पंख्यांनीच पळवला. मी पुण्याचा शहाणा. हसलो. मामा दोन दिवस बोलले नाहीत.

तेव्हा हा वाद एकट्या आमच्या घरातला नव्हता. सांगली-साताऱ्याकडे त्यावरून मोर्चे, निवेदनं, गावकऱ्यांचा विरोध, सगळं झालं. शास्त्रज्ञांचं उत्तर सरळ होतं. पाऊस येतो तो अरबी समुद्रावरून आलेल्या बाष्पाचा. सह्याद्री ते अडवतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जत-कवठेमहांकाळला सहाशेच्या आत. हे पंखे येण्याआधीपासून असंच आहे; १८७६-७८ च्या आणि १९७२ च्या दुष्काळात कुठे पवनचक्क्या होत्या? साठ-सत्तर मीटरच्या खांबावरचं पातं त्याच्या कक्षेतून जाणाऱ्या वाऱ्याची थोडी शक्ती काढून घेतं, एवढंच. मैलोन्मैल पसरलेल्या ढगांना त्याचं काय?

हे सगळं खरंच आहे. आजही मी तेच म्हणेन. पण गाव असं का म्हणत होतं, याचा विचार मी बराच उशिरा केला.

पश्चिम महाराष्ट्रात पवनचक्कीचा खरा हंगाम कुठला? जून ते ऑगस्ट. मान्सूनचा वारा जोरात असतो तेव्हाच पाती गरागरा फिरतात. आणि पर्जन्यछायेतल्या तालुक्यात याच दिवसांत काय दिसतं? पश्चिमेकडून ढग येतात, डोक्यावरून धावत जातात, थेंब पडत नाही. म्हणजे खाली बांधावर उभ्या माणसाला एकाच वेळी तीन गोष्टी दिसतात: पंखा फिरतोय, ढग पळतोय, पाऊस नाही. यातून तो जो निष्कर्ष काढतो तो चुकीचा असेल, पण वेडगळ नक्कीच नाही. वर चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर तर पावसाळ्यात ढग जमिनीला टेकतात, पवनचक्क्या त्यात बुडून जातात. तिथल्या माणसाला 'ढग फार उंच असतात हो' हे सांगायला गेलात तर तो तुमच्याकडे कसा बघेल?

आणखी एक गंमत. २००३ साली आपल्या सरकारनेच विमानातून ढगांवर फवारणी करून कृत्रिम पाऊस पाडायचा प्रयोग केला होता. माणसाला पाऊस पाडता येतो असं सरकारच म्हणतंय, तर मग माणसाला तो पळवता का येऊ नये? या प्रश्नावर मी मामांना काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. बहुधा दिलं नाही.

थोडा मागचा इतिहास. महाऊर्जाची नोंदणी १९८५ ची. त्याच सुमारास कोकण किनाऱ्यावर, देवगडजवळ, प्रात्यक्षिक म्हणून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तेव्हाचं यंत्र ५५ किलोवॅटचं, आजच्या मानाने खेळणंच. लोक सहलीला जाऊन बघत. भांडण नव्हतं, कारण त्या सरकारी होत्या आणि थोड्या होत्या. नव्वदीत चित्र पालटलं. पवनचक्कीचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवून आयकर वाचवायची सोय होती, आधी १०० टक्के, नंतर ८०. साहजिकच पैसेवाले वाऱ्याकडे वळले. कारखानदार आले, सिनेमातली माणसंही आली. सुरतेत कापडाचा धंदा करणाऱ्या तुलसी तंतींनी विजेच्या बिलाला कंटाळून आधी स्वतःसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या, १९९५ मध्ये सुझलॉन काढली आणि पुढे पुण्यात बस्तान बसवलं. आकुर्डीच्या बजाज ऑटोनेही वनकुसवड्याला पवनचक्क्या उभारल्या. वीज तिकडच्या तारांत सोडायची आणि इकडे कारखान्याच्या बिलातून वजा करून घ्यायची, असा व्यवहार. कायदेशीर, आणि प्रदूषणाच्या दृष्टीने चांगलाच.

आता हे पुण्यातून बघा. महाऊर्जा पुण्यात. सुझलॉन हडपसरला. पावसाचं खातंही पुण्यातच: खडकीहून लोकलने एका स्टेशनावर, शिवाजीनगरला, सिमला ऑफिस. १९२८ मध्ये सिमल्याहून आलं, नाव तेच राहिलं. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची संस्था. वाऱ्याचे आणि पावसाचे सगळे जाणकार माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरात, आणि वारा मात्र मामांच्या माळावर.

मामांचा राग तिथे होता. दोन दिवसांनी बोलले तेव्हा म्हणाले, "तुझं शास्तर खरं असंल. पर आमच्या डोक्यावर दिसभर गरागरा फिरतंय, आन् आमच्याच मोटारीला लाइट न्हाई." त्या वर्षांतलं ग्रामीण भागातलं भारनियमन ज्यांनी भोगलंय त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. माळ कवडीमोलाने गेला होता. विकणाऱ्याला वाटलं, कुसळंच तर उगवतात. त्या माळाला वाऱ्याची किंमत आहे हे त्याला पंखा उभा राहिल्यावर कळलं. माझ्या मते गावाची चोरीची तक्रार खरी होती, फक्त चोरीला गेलेली वस्तू त्यांनी चुकीची सांगितली. आणि आम्ही पुण्याच्या लोकांनी उत्तर दिलं ते पावसाचं. जमिनीचं कुणी दिलंच नाही.

२००५ ला कृष्णेला महापूर आला, सांगलीत घरांत पाणी शिरलं. पंखे फिरतच होते. मी मामांना फोन करून डिवचणार होतो, हिने थांबवलं. बरं केलं.

नंतर वाद दुसऱ्या अंगाने पेटला. खेड तालुक्यात, भीमाशंकरच्या शेजारी, वनजमिनीवर पवनचक्क्या आल्या आणि माधव गाडगीळांच्या समितीने २०११ च्या अहवालात त्यावर कडक टीका केली. रस्त्यांसाठी फोडलेले डोंगर, तोडलेलं रान, गावकऱ्यांना आलेला अडथळा. तेव्हा मात्र पुण्यात कुणी हसलं नाही. इंग्रजी अहवालातली तक्रार होती ना ती!

असो. आता तिकडे वाऱ्याऐवजी उन्हाची चर्चा आहे. २०२३ च्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन विकायची नाही, भाड्याने द्यायची. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरसाल ३ टक्के वाढ, आणि शेतीला दिवसा वीज. मामेभावाच्या मनात आहे. मामा आता ऐंशीच्या पुढे. पॅनेलमुळे पाऊस जाईल का, असं त्यांनी एकदाही विचारलेलं नाही. त्यांचं एवढंच म्हणणं आहे की कराराचा कागद सहीआधी कुणीतरी अख्खा वाचून दाखवावा, बारीक अक्षरातलं सुद्धा. ते काम माझ्याकडे आलंय. दिवाळीत जातोय.