बट्टा, सरचार्ज आणि पेट्रोलपंप : एकाच रुपयाचे दोन भाव

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला पेट्रोलपंपाशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे, कारण प्रश्न जुनाच आहे. रुपया म्हणजे रुपया, असं आपण धरून चालतो. मग तो नोटेच्या रूपात दिला तर एक किंमत आणि कार्डाच्या रूपात दिला तर दुसरी, असं का व्हावं? आणि झालं, तर तो फरक कोणी सोसायचा?

सुरुवात आपल्याच परिसरातून करू. पेशवाईच्या काळात पुणे प्रांतात एकच एक रुपया चालत नव्हता. पुण्याचा अंकुशी रुपया होता, नाशिककडून चांदवडी रुपया यायचा, शिवाय इतर अनेक. आपल्या मावळाच्या दाराशी, चिंचवडलाही टांकसाळ होती. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी राज्यातल्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. या प्रत्येक रुपयाचं वजन वेगळं, चांदीचा कस वेगळा. सरकारी सारा अमुक रुपयात ठरलेला असे, आणि शेतकऱ्याने दुसरा रुपया आणला तर फरक भरून द्यावा लागे. त्या फरकाला म्हणत बट्टा. नाणं पारखायचं सराफाने, बट्टा ठरवायचाही त्यानेच. शेतकऱ्याच्या हातात ना तराजू, ना कसोटीचा दगड.

आपल्या भाषेने हा अनुभव जपून ठेवलाय बघा. नावाला बट्टा लागला, असं आपण आजही म्हणतो. हुंडी पाठवायची तर हुंडणावळ, ती वटवायची तर वटणावळ. भोर घाटातून रोकड नेण्यापेक्षा कागद नेणं सोयीचं, चोरीची भीती कमी, म्हणून हुंडी. पण सोय फुकट नव्हती आणि तसं कोणी म्हणतही नव्हतं. हुंडणावळ उघडपणे सांगितली जायची. आजच्या कार्डाचे पणजोबा म्हणजे हुंडी, असं मी म्हटलं तर फार चूक होणार नाही.

मग १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने कायदा करून १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आणला. जुनी नाणी लगेच गेली नाहीत, हळूहळू गेली. पण यातला मुद्दा लक्षात घ्या. बट्टा गेला तो सराफ दयाळू झाले म्हणून नव्हे. एकसारखं चलन पुरवण्याची जबाबदारी आणि खर्च राज्यसत्तेने स्वतःकडे घेतला म्हणून गेला. अॅरिस्टॉटलने म्हटलं होतं, की पैसा निसर्गाने नव्हे तर कायद्याने, संकेताने अस्तित्वात येतो. ग्रीक भाषेत नाण्याचा शब्दच कायदा या शब्दावरून आलेला आहे. म्हणजे रुपयाची किंमत एकच असणं हाही एक सामाजिक करार आहे. करार बदलला की बट्टा परत येतो.

आता थेट २०१६ मध्ये येऊ. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या. काही ठिकाणी जुन्या नोटा थोडे दिवस चालणार होत्या, त्यात पेट्रोलपंप होते. २ डिसेंबरपर्यंत पंपावर पाचशेची जुनी नोट चालली. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, कुठल्याही पंपावर त्या दिवसांत काय रांगा होत्या ते तुम्हाला आठवत असेल. लगेच ८ डिसेंबरला तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी जाहीर केलं, की सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर कार्डाने किंवा डिजिटल मार्गाने पैसे दिले तर ०.७५ टक्के सवलत. हजाराच्या पेट्रोलमागे साडेसात रुपये. पंपावरचा भाव तोच राहायचा, सवलत मागाहून खात्यात जमा व्हायची.

आणि महिन्याभरात उलटी गंमत झाली. जानेवारी २०१७ मध्ये काही बँकांनी पंपचालकांना कळवलं, की ९ जानेवारीपासून कार्डाच्या व्यवहारावर एक टक्क्यापर्यंत शुल्क तुमच्याकडून घेऊ. पंपचालक म्हणाले, मग आम्ही कार्डच घेणार नाही. त्यांचं म्हणणं समजून घ्या. किराणा दुकानदार भाव थोडा वाढवू शकतो. पंपचालकाला तो अधिकार नाही. भाव तेल कंपनी ठरवते आणि त्याचं कमिशन लिटरमागे ठरलेलं असतं. तेव्हा ते पेट्रोलवर साधारण अडीच रुपये होतं. लिटर पंचाहत्तर रुपयांना धरलं, तर एक टक्का म्हणजे पंच्याहत्तर पैसे. अडीच रुपयांतले पंच्याहत्तर पैसे, म्हणजे कमिशनचा जवळजवळ तिसरा हिस्सा! ८ जानेवारीच्या रात्रीच बँकांनी निर्णय १३ तारखेपर्यंत पुढे ढकलला, पंपचालकांनी बहिष्कार थांबवला, आणि सरकारने सांगितलं की हा भार ना ग्राहकावर पडेल, ना पंपचालकावर. बँका आणि तेल कंपन्यांनी आपसात बघावं.

म्हणजे एकाच महिन्यात कार्ड हे बक्षिसाचं कारणही झालं आणि भांडणाचंही. खर्च तर होताच. यंत्राचा, नेटवर्कचा, बँकेच्या जोखमीचा. तो एकाच्या पानातून दुसऱ्याच्या पानात सरकत होता, एवढंच. क्रेडिट कार्डावरची ती सवलत १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाली.

जोवर सवलत होती, तोवर ती कोणाच्या खिशातून येत होती? सरकारी तेल कंपन्यांच्या, म्हणजे शेवटी आपल्या सगळ्यांच्या. शनिवारी मुंबईहून येणारा पर्यटक क्रेडिट कार्डाने टाकी भरायचा, त्याला सवलत. पवन मावळातला भातशेतकरी पॉवर टिलरसाठी कॅनमध्ये डिझेल न्यायचा, रोख देऊन. त्याला काही नाही. दोघांना बोर्डावरचा भाव एकच दिसत होता.

अमेरिकेत हा वाद आधीच होऊन गेला. तिथे पंपाच्या फलकावर रोखीचा भाव वेगळा आणि क्रेडिटचा वेगळा असे दोन आकडे अनेक ठिकाणी दिसतात. १९७४ च्या कायद्याने दुकानदाराला रोखीवर सूट देण्याचा हक्क मिळाला. कार्ड कंपनीला तो काढून घेता येईना. पण कार्डावर जादा आकार लावायला १९७६ पासून १९८४ पर्यंत बंदी राहिली. आता विचारा, रोखीवर सूट आणि कार्डावर आकार यात फरक काय? गणितात काहीच नाही. पण कार्डवाल्यांचा आग्रह होता, की फरक ठेवायचाच असेल तर त्याला सूट म्हणा. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० मध्ये याच उदाहरणाकडे बोट दाखवलं. सूट हुकली तर माणूस हळहळतो, पण दंड लागला तर चिडतो. शब्द बदलला की वागणूक बदलते. आपल्याकडेही बघा, अनेक क्रेडिट कार्डांवर इंधनासाठी साधारण एक टक्का सरचार्ज लागतो आणि ठरावीक मर्यादेत बँक तो परत करते. आधी आकारायचा, मग माफ करायचा. आणि आपण खूश!

आता दुसऱ्या बाजूलाही न्याय दिला पाहिजे. रोकडही फुकट नसते. नोटा मोजायच्या, सुट्टे ठेवायचे, खोटी नोट निघाली तर भुर्दंड, रात्री गल्ला सांभाळायचा, सकाळी बँकेत भरायचा. हा खर्च पंपचालक सोसतो आणि कोणी त्याला नाव देत नाही.

यूपीआय आल्यावर एक वेगळं उत्तर निघालं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला शुल्क नाही. खर्च मग कुठे गेला? काही बँकांकडे, काही सरकारी तिजोरीकडे. २०२४-२५ साठी छोट्या व्यवहारांच्या प्रोत्साहनाला केंद्राने सुमारे १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. १८३५ सारखंच हे, एकसारख्या पैशाचा खर्च राज्याने उचलला.

पण त्याच रस्त्यावर चार किलोमीटर पुढे टोलनाका आहे, आणि तिथे बट्टा जिवंत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारचा पूर्ण टोल एप्रिल २०२३ मध्ये २७० वरून ३२० रुपये झाला. १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग नसेल तर दुप्पट. राष्ट्रीय महामार्गांवर दुप्पट वसुली फेब्रुवारी २०२१ पासूनच आहे, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तिथे तिसरा भाव आला. तेव्हा फास्टॅग नसताना यूपीआयने दिले तर सव्वापट, रोख दिले तर दुप्पट, असं ठरलं. एकाच शंभराच्या टोलाला तीन आकडे, शंभर, सव्वाशे, दोनशे. कारण दिलं जातं ते रांगेचं, आणि ते खोटं नाही. रोखीने थांबणारी गाडी मागच्यांचा वेळ खाते. पण रांगेचा खर्च खरोखर शंभर रुपये आहे का, हा हिशेब नाक्यावर कुठे लावलेला नसतो. पेशवाईतला शेतकरी सराफाला हेच विचारत असावा.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पैशाच्या रूपाप्रमाणे किंमत वेगळी असणं हा आपोआप अन्याय नाही. हुंडणावळ अन्याय नव्हती. तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, फरक उघड लिहिलेला आहे का? दुसरी, तो खऱ्या खर्चाएवढा आहे का? तिसरी, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते, देणाऱ्याला पर्याय आहे का? आंदर मावळात रेंज जाते, म्हाताऱ्या माणसाकडे साधा फोन असतो, रोजंदारीचे पैसे हातात नोटेनेच पडतात. अशा माणसाने नोट पुढे केली तर ती त्याची निवड नसते, त्याची परिस्थिती असते. परिस्थितीवर बट्टा लावणं आणि निवडीवर लावणं, यात नैतिक अंतर आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर तिचं वचन छापलेलं असतं, धारकाला इतके रुपये देण्याचं. ते वचन कार्ड असलेल्याला जितकं, तितकंच नसलेल्यालाही दिलेलं आहे. पुढच्या वेळी पंपावर किंवा नाक्यावर पावती हातात आली, की खालचा बारीक मजकूरही वाचा, आणि बट्टा कोणाला लागला ते स्वतः शोधा. आता प्रश्न घेऊ या.