वज्रेश्वरीचा जीर्णोद्धार : त्या 'आपण'मध्ये आपण कुठे होतो?

भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीला जाणारे लोक देवीसाठी जातात, नाहीतर अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी. अलीकडे आपली पोरंही जातात, आणि बावन्न पायऱ्या चढून वर गेल्यावर त्यांना एक आयतं वाक्य ऐकायला मिळतं : पोर्तुगीजांनी आपलं मंदिर पाडलं, आणि आपण ते पुन्हा बांधलं. तेच वाक्य मग मोबाईलवर फिरतं. या वाक्यातला 'आपण' कोण, हे विचारायची वेळ आली आहे.

आधी जे घडलं ते नीट समजून घेऊ. 1534 साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. देवीचं मूळ ठाणं गुंजला होतं, पोर्तुगीजांनी ते मोडलं आणि देवी तिथून वडवलीला आणली गेली, असं परंपरा सांगते. वडवली म्हणजेच आजची वज्रेश्वरी. वसई जिंकली तर मंदिर बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी केल्याचंही परंपराच सांगते. मे 1739 मध्ये वसई पडली आणि मंदिर उभं राहिलं. देवळाभोवती किल्ल्यासारखा दगडी तट आहे, आणि नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा.

पोर्तुगीजांचा धर्मांधपणा खोटा नाही. गोव्यात 1560 पासून त्यांनी इन्क्विझिशन चालवलं, लोकांना छळलं. त्याची वकिली आपण का करावी? साष्टीची सुटका व्हावी म्हणून पेशव्यांकडे खेटे घालणारे गंगाजी नाईक अणजूरकर तर आपल्याच तालुक्यातले, अणजूरचे. त्यांचं नाव इतिहासात आहे. तटाचे दगड ज्यांनी फोडले आणि डोक्यावरून वाहिले, त्यांची नावं कुठल्या बखरीत आहेत?

पण खरा प्रश्न मंदिर बांधून झाल्यानंतरचा आहे. ज्या पेशवाईने हे मंदिर बांधलं, तिच्याच राजधानीत अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून फिरावं लागत असे, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहून ठेवलं आहे. पंढरपुरात चोखोबाच्या समाधीपाशी महारांनी यावं की नाही, यावर पेशव्यांच्या दरबारातून हुकूम सुटत होते. देवाला घर परत मिळालं आणि त्या घराला जुनीच कडी लागली. पोर्तुगीजाने पाडलेल्या भिंतीबद्दल ज्यांना इतकं दुःख होतं, त्यांना या कडीबद्दल काहीच वाटलं नाही?

नाशिकचं काळाराम मंदिर आठवा. तेही पेशवाईतलंच बांधकाम, सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने उभारलेलं. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही त्याच्या दारात गेले तेव्हा दारं बंद झाली. रामनवमीच्या रथापाशी दगडफेक झाली, दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षं लढा चालवला, तरी दार उघडलं नाही. तिथे मुसलमान नव्हता की पोर्तुगीज. आत पुजारी होता आणि बाहेर आपण. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याची घोषणा झाली ती याच जिल्ह्यात. मुंबई प्रांतात मंदिरात जाण्याचा कायदेशीर हक्क मिळायला 1947 उजाडलं. वसईच्या विजयाला तोवर 208 वर्षं झाली होती!

आता आपल्याच काही मित्रांसाठी. देवीला वज्रयोगिनीही म्हणतात आणि वज्रयानातही वज्रयोगिनी आहे, म्हणून हे मूळचं बौद्ध स्थळच, असा मजकूर जोरात फिरतो. नावाचं साम्य हा शोधाचा धागा आहे, पुरावा नाही. पुरावा म्हणजे शिलालेख, ताम्रपट, उत्खनन. समोरच्याने पुराव्याशिवाय बोललं की आपण त्याला धारेवर धरतो, मग तीच पट्टी आपल्यालाही लावली पाहिजे. आणि आपल्याला अंदाजाची गरजच काय? आपल्याच तालुक्यात लोनाडची लेणी आहेत. तिथे किती जण गेले आहेत?

तशीच शेजारच्या वसई तालुक्यात सोपारा. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय यात्रा हाच आहे. पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला जात, देवांना प्रिय राजा मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला गेला आणि त्याने धम्मयात्रा सुरू केली, असं तो लेख सांगतो. या यात्रेत काय करायचं, तेही त्यात आहे : श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना मदत करायची, खेड्यापाड्यातल्या माणसांना भेटून धम्माबद्दल बोलायचं. कुणाला बाहेर ठेवायचं, याचा त्यात एक शब्दही नाही.

वज्रेश्वरीला जाणाऱ्याने जरूर जावं, कुंडात पायही बुडवावेत. फक्त त्याच सुट्टीत एक दिवस सोपाऱ्यासाठी ठेवा. भिवंडीहून ते काही फार लांब नाही.