अर्बुद-प्रतिसादमापन

कर्करोगावरील उपचारांमुळे शरीरातील अर्बुदात (पेशींच्या अनिर्बंध वाढीमुळे झालेल्या गाठीत) जो बदल होतो, तो क्ष-किरण, चुंबकीय अनुस्पंदन, किरणोत्सर्गी द्रव्ये इत्यादींच्या साहाय्याने मिळविलेल्या प्रतिमांवरून मोजण्याच्या पद्धतीस अर्बुद-प्रतिसादमापन असे म्हणतात. कर्करोगावरील बहुतेक औषधे व प्रारण चिकित्सा निरोगी ऊतकांनाही (समान कार्य करणाऱ्या पेशींच्या समूहांनाही) अपायकारक असतात. त्यामुळे गुण येत नसलेला उपचार चालू ठेवणे रुग्णाच्या दृष्टीने जितके घातक, तितकेच गुण येत असलेला उपचार अवेळी थांबविणेही घातक ठरते. हा निर्णय बव्हंशी मापनावर अवलंबून असतो. नव्या औषधाची उपयुक्तताही प्रायः याच मापनाने ठरते. म्हणून या विषयाचा इतिहास हा केवळ यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास नसून, ‘किती घट झाली म्हणजे गुण आला असे मानावे’ या प्रश्नावर वैद्यकाने टप्प्याटप्प्याने केलेल्या संकेतांचाही इतिहास आहे.

पूर्वपीठिका : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन (१८४५–१९२३) यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर शरीराच्या आतील अर्बुदांचे अस्तित्व शस्त्रक्रियेवाचून कळू लागले. फुप्फुसातील अर्बुद हवेने भरलेल्या ऊतकाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट छायेच्या रूपाने दिसते, त्यामुळे छातीच्या क्ष-किरण चित्रावर पट्टी ठेवून त्याचा व्यास मोजता येत असे. यकृत, स्वादुपिंड वा उदरातील लसीका ग्रंथी यांची छाया मात्र भोवतालच्या ऊतकांत मिसळून जात असल्याने तेथे हाताने चाचपून पाहणे हाच मुख्य मार्ग होता.

पद्धतशीर मापनाची गरज रासायनिक चिकित्सेच्या उदयाबरोबर निर्माण झाली. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९४२ मध्ये लसीका ऊतकाच्या प्रगत अर्बुदाने पीडित अशा एका रुग्णास नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य शिरेवाटे देण्यात आले. काही दिवसांतच गाठी विरघळल्यासारख्या लहान झाल्या, परंतु त्या पुन्हा वाढल्या व रुग्ण त्याच वर्षी दगावला. युद्धकालीन गुप्ततेमुळे हे कार्य १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्बुद लहान होणे आणि रुग्ण वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या पहिल्याच अनुभवात दिसून आले होते. डेव्हिड कार्नोफ्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९४८ मध्ये या द्रव्याच्या परिणामांची नोंद करताना रुग्णाला वाटणारा आराम, त्याची दैनंदिन कार्यक्षमता आणि अर्बुदातील प्रत्यक्ष घट यांचा स्वतंत्रपणे विचार केला. तथापि घट किती असावी याविषयी सर्वमान्य नियम नव्हता. एका रुग्णालयातील ‘सुधारणा’ दुसऱ्या रुग्णालयात ‘स्थिर अवस्था’ म्हणून नोंदली जाणे शक्य होते.

मापनातील त्रुटी : चार्ल्स मोर्टेल व जेम्स हॅन्ली यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रात मूलभूत मानला जातो. त्यांनी अर्बुदांऐवजी बारा घन गोळे घेतले, ते गादीवर मांडले आणि त्यांवर फेसरबराचा थर पसरला. सोळा अनुभवी कर्करोगतज्ञांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने, वरून चाचपून, त्यांची मापे घेतली. गोळे अर्थातच बदलणारे नव्हते, आणि त्यांतील काही सारख्याच आकाराचे होते. तरीही केवळ हाताच्या चुकीमुळे अनेकदा ‘घट’ झाल्याचे दिसले. परस्परांना लंब अशा दोन व्यासांच्या गुणाकारात २५% घट हा निकष धरल्यास सुमारे एक पंचमांश ते एक चतुर्थांश तुलनांत खोटा प्रतिसाद आढळे, तर ५०% घटीचा निकष धरल्यास हे प्रमाण सु. ५ ते १०% इतके खाली येई. यावरून ५०% घटीच्या निकषाला आधार मिळाला. हा आकडा कर्करोगाच्या जीवशास्त्रातून आलेला नाही. मापन करणाऱ्याच्या चुकीपेक्षा बदल मोठा असावा, एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे, ही गोष्ट पुढील काळात पुष्कळदा विसरली गेली.

आंतरराष्ट्रीय निकष : जागतिक आरोग्य संघटनेने १९७९ मध्ये कर्करोगोपचारांच्या फलितांची नोंद कशी करावी यासंबंधी पुस्तिका प्रसिद्ध केली व १९८१ मध्ये ए. बी. मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा सारांश मांडला. तीत चार वर्ग करण्यात आले : सर्व अर्बुदे दिसेनाशी होणे म्हणजे पूर्ण प्रतिसाद, व्यासांच्या गुणाकारांच्या बेरजेत किमान ५०% घट म्हणजे आंशिक प्रतिसाद, २५% वा अधिक वाढ किंवा नवे अर्बुद म्हणजे रोगाची वाढ, आणि या दोहोंच्या मधील ती स्थिर अवस्था. प्रतिसाद किमान चार आठवड्यांनी पुन्हा पडताळून पाहावा, असेही बंधन घालण्यात आले. यामुळे निरनिराळ्या देशांतील निष्कर्ष प्रथमच एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले. किती अर्बुदे मोजावीत व किमान आकार किती असावा हे मात्र पुरेसे स्पष्ट नव्हते, त्यामुळे निरनिराळ्या संशोधन-गटांनी आपापल्या सोयीने नियमांत फेरफार केले.

याच सुमारास प्रतिमादर्शनात क्रांती झाली. गॉडफ्री हाउन्सफील्ड (१९१९–२००४) यांनी तयार केलेल्या संगणकीय छेदचित्रण यंत्राने (सीटी स्कॅन) लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेण्यात आले. पुढे काही वर्षांतच संपूर्ण शरीरासाठी अशी यंत्रे उपलब्ध झाली आणि यकृतातील वा उदरातील अर्बुदांचे छेद मिलिमीटरांत मोजता येऊ लागले. हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर विकसित झालेल्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एमआरआय) मेंदू व मऊ ऊतके अधिक स्पष्ट झाली.

छेदचित्रांच्या सार्वत्रिक वापरानंतर निकष सोपे व काटेकोर करण्याची आवश्यकता भासली. यूरोप, अमेरिका व कॅनडा येथील कर्करोग संशोधन संस्थांनी मिळून तयार केलेले ‘रेसिस्ट’ या नावाने ओळखले जाणारे निकष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत दोन व्यासांच्या गुणाकाराऐवजी प्रत्येक अर्बुदाचा केवळ सर्वांत लांब व्यास घेऊन त्यांची बेरीज करतात. बेरजेत ३०% घट म्हणजे आंशिक प्रतिसाद व उपचारकालातील सर्वांत कमी बेरजेपेक्षा २०% वाढ म्हणजे रोगाची वाढ होय. गोलाकार अर्बुदाचा व्यास ३०% कमी झाला, तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ ५१% व घनफळ सु. ६६% कमी होते. म्हणजे प्रतिसादाचा जुना निकष नव्या रूपात कायम राहिला. वाढीच्या बाबतीत मात्र फरक पडला. क्षेत्रफळातील २५% वाढ म्हणजे घनफळातील सु. ४०% वाढ, तर व्यासातील २०% वाढ म्हणजे घनफळातील सु. ७३% वाढ होते. त्यामुळे जुन्या नियमानुसार ज्या रुग्णाचा उपचार थांबला असता, तोच रुग्ण नव्या नियमानुसार ‘स्थिर’ गणला जाऊ लागला. हे निकष २००९ मध्ये सुधारण्यात आले : मोजावयाच्या अर्बुदांची संख्या दहावरून पाचावर आणली गेली, लसीका ग्रंथींसाठी आखूड व्यास ग्राह्य धरला गेला आणि वाढ ठरविताना किमान ५ मिमी. इतका प्रत्यक्ष फरक आवश्यक मानला गेला.

यंत्र सूक्ष्म झाले तरी पाहणारा मनुष्यच राहिला. जेरेमी इरॅस्मस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये फुप्फुसातील चाळीस अर्बुदांची छेदचित्रे पाच क्ष-किरणतज्ञांकडून मोजून घेतली. एकाच चित्रातील अर्बुद दोन वेगवेगळ्या तज्ञांनी मोजले असता सु. ३०% तुलनांत ‘रोगाची वाढ’ झाल्याचा चुकीचा निष्कर्ष निघाला. एकाच तज्ञाने पुन्हा मोजले असता हे प्रमाण सु. १०% होते. कडा अस्पष्ट वा काटेरी असलेल्या अर्बुदांत चूक विशेष होते. म्हणून एका रुग्णाची सर्व चित्रे शक्यतो एकाच तज्ञाने, पूर्वीची चित्रे शेजारी ठेवून मोजावीत, असे मानले जाते.

आकाराकडून क्रियाशीलतेकडे : अनेक अर्बुदांतील पेशी ग्लुकोजचा वापर निरोगी पेशींपेक्षा अधिक करतात, हे ओटो वारबुर्ख यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखविले होते. फ्ल्युओरीन-१८ या किरणोत्सर्गी समस्थानिकाने अंकित केलेले ग्लुकोजसदृश द्रव्य (एफडीजी) १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम मानवी शरीरात देण्यात आले. पॉझिट्रॉन उत्सर्जन छेदचित्रणाने (पेट स्कॅन) या द्रव्याचे शरीरातील वितरण दिसते व अर्बुदाचा आकार बदलण्यापूर्वीच त्याची क्रियाशीलता मंदावल्याचे कळू शकते. फ्ल्युओरीन-१८ चा अर्धायुकाल सु. ११० मिनिटे असल्याने ते रुग्णालयापासून दूर साठवून ठेवता येत नाही. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मुंबईतील परळ येथील किरणोत्सर्गी वैद्यक केंद्रात २००२ मध्ये देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन कार्यान्वित झाल्यावर ही तपासणी येथे शक्य झाली.

केवळ आकारावर विसंबणे किती दिशाभूल करणारे असते हे जठर व आतड्यांच्या आधार-ऊतकातील अर्बुदांच्या (जिस्ट) बाबतीत स्पष्ट झाले. इमॅटिनिब हे औषध २००० मध्ये फिनलंडमधील अशा एका रुग्णास प्रथम देण्यात आले व थोड्याच अवधीत पेट चित्रातील क्रियाशीलता नाहीशी झाली. मात्र अनेक रुग्णांत अर्बुद आकाराने तसेच राहिले किंवा आतील रक्तस्राव व सूज यांमुळे काहीसे मोठेही दिसले, वस्तुतः आतील पेशी मेलेल्या होत्या. हेसन चोई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या अर्बुदासाठी आकारात १०% किंवा छेदचित्रातील घनतेत १५% घट हा पर्यायी निकष सुचविला.

हॉजकिन रोगात पेट चित्रण उपचार सौम्य करण्यासाठी उपयोगी पडले. १,२०० हून अधिक रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात औषधांच्या दोन आवर्तनांनंतर ज्यांचे चित्र निर्दोष आले, त्यांपैकी निम्म्यांना फुप्फुसास अपाय करणारे ब्लिओमायसीन पुढे दिले नाही. तीन वर्षांनंतर रोग न वाढता जगणाऱ्यांचे प्रमाण औषध चालू ठेवलेल्या गटात ८५·७%, तर वगळलेल्या गटात ८४·४% होते.

आभासी बदल : मेंदूच्या अर्बुदांत प्रारण चिकित्सेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ऊतकदाहामुळे अर्बुद वाढल्याचा आभास होतो. याउलट रक्तवाहिन्यांची पार्यता (द्रव झिरपू देण्याची क्षमता) कमी करणाऱ्या औषधांनी अर्बुद आहे तसेच असूनही चित्र स्वच्छ दिसते. मेंदूच्या अर्बुदांसाठी २०१० मध्ये आलेल्या स्वतंत्र निकषांत या दोन्हींची दखल घेण्यात आली. प्रतिरक्षा चिकित्सेत शरीराच्या संरक्षक पेशी अर्बुदात शिरल्यानेही ते प्रथम फुगलेले दिसू शकते. म्हणून २०१७ च्या निकषांनुसार पहिल्या वाढीस ‘अनिश्चित’ म्हणून नोंदतात व चार ते आठ आठवड्यांनी ती पडताळून पाहतात.

मापनाच्या मर्यादा : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये त्वरित मान्यतेची तरतूद केल्यानंतर अर्बुदमापनाला नियामक महत्त्व आले. बेव्हॅसिझुमॅब या औषधामुळे पसरलेल्या स्तन-कर्करोगाची वाढ होईपर्यंतचा मध्यक काल ५·९ महिन्यांवरून ११·८ महिने झाल्याचे एका परीक्षणात आढळले व २००८ मध्ये त्यास मान्यता मिळाली. पुढील परीक्षणांत आयुर्मान वाढल्याचे सिद्ध न झाल्याने आणि दुष्परिणाम गंभीर असल्याने २०११ मध्ये या रोगापुरती ती मान्यता काढून घेण्यात आली. मापन खोटे नव्हते, पण त्यावरून काढलेले अनुमान अपुरे होते.

संगणकाच्या साहाय्याने संपूर्ण घनफळ मोजणे, पाण्याच्या रेणूंच्या विसरणावरून पेशींची दाटी अजमावणे इ. पद्धती आता उपलब्ध आहेत व त्यांमुळे मापनातील चूक कमी होत आहे. तथापि प्रतिमेत अर्बुद न दिसणे म्हणजे शरीरात एकही मारक पेशी नसणे नव्हे. काही मिलिमीटरांपेक्षा लहान पुंज कोणत्याही यंत्राच्या नजरेतून सुटू शकतात. त्यामुळे प्रतिमेवरील मापाचा विचार रुग्णाची लक्षणे, त्याची कार्यक्षमता आणि रक्तातील निदर्शके यांच्या जोडीने करणे अगत्याचे ठरते.