अमेरिकन सैन्यांतील पिस्तुलांची परीक्षा (इ. स. १९०४–१९११)

अमेरिकन सैन्याचें ०.४५ इंची कोल्ट पिस्तूल ६००० बार काढूनही एकदांसुद्धां अडलें नाहीं, ही गोष्ट शस्त्रविषयक लेखनांत वारंवार आढळते. ती खरी आहे. परंतु तीवरून हें शस्त्र जन्मतःच निर्दोष होतें असा जो समज रूढ झाला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं.

फिलिपाईन्स बेटांत मोरो लोकांशीं लढतांना ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरच्या गोळीनें शत्रु थांबत नाहीं, अशी सैनिकांची तक्रार होती. म्हणून १९०४ सालीं थॉम्प्सन व लागार्ड या अधिकाऱ्यांनीं शिकागो येथें गुरांवर, तसेच मनुष्यप्रेतांवर प्रयोग केले. प्रयोग थोडे होते. तथापि गोळीचा व्यास ०.४५ इंचांहून कमी नसावा, हा त्यांचा निर्णय पुढें कायम राहिला.

बार उडतांच त्याच्याच धक्क्यानें रिकामें काडतूस बाहेर फेकून नवें आंत घेणारीं पिस्तुलें १९०७ सालीं स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेंत परीक्षेस आलीं. कोल्ट, सॅव्हेज, लुगर, बर्गमन इत्यादिकांत पहिलीं दोन पुढील चौकशीस योग्य ठरलीं. लुगरचे जर्मन निर्माते पुढें स्वतःच निवृत्त झाले. उरलेलीं दोन पलटणींच्या हातीं देतांच दोघांतही दोष निघाले. कोल्टचे रचनाकार ब्राउनिंग यांनीं आपल्या यंत्रांत फेरफार केले. घोडेस्वारास एका हातानें पिस्तूल निर्धोक करतां यावें म्हणून अंगठ्यानें चालणारा खटकाही बसविण्यांत आला.

अखेरची परीक्षा मार्च १९११ मध्यें झाली. प्रत्येकीं ६००० बार. दर १०० बारांनंतर थंड होण्यास पांच मिनिटें, दर १००० नंतर सफाई व तेल. सॅव्हेज ३७ वेळां अडलें, कोल्ट एकदांही नाहीं. ता. २९ मार्च १९११ रोजीं कोल्टचा स्वीकार झाला, आणि १९८५ सालीं बेरेट्टा येईपर्यंत तेंच अमेरिकन सैन्याचें नियत पिस्तूल राहिलें.

तेव्हां अखेरच्या शून्यास मागील दोषांच्या नोंदींचा आधार आहे. त्या वगळल्या तर इतिहासाची प्रशस्ति होते. ज्यांस शुद्ध पाठाइतकेच लेखकाचे प्रमादही जपून ठेवण्याची संवय आहे, त्या पोथीसंग्राहकांस हें निराळें सांगावयास नकोच.