विजेचे युद्ध एसीने जिंकले, बॅटरी मात्र डीसीच मागत राहिली

१/ १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींपैकी जवळपास एक-तृतीयांश विजेवर धावत. त्या मागे का पडल्या, याचे उत्तर सहसा फोर्डची स्वस्त 'मॉडेल टी' (१९०८) आणि कॅडिलॅकमधील विजेचा स्टार्टर (१९१२) यांपाशी संपते. आजचा धागा एका दुर्लक्षित अडचणीविषयी आहे: या गाड्या चार्ज कशा करायच्या?

२/ एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर उभारलेले वीजकेंद्र डीसीचे, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे होते. बॅटरीला हाच प्रवाह हवा असतो. शिसे-आम्ल घटाला चार्जिंगच्या अखेरीस सुमारे अडीच व्होल्ट लागतात. ४० घटांची माळ घेतली तर १०० व्होल्ट. ११० व्होल्टच्या तारांवर हे सहज जमे.

३/ पण दूर अंतरावर वीज नेण्यात एसी सरस ठरली, कारण रोहित्राने तिचा दाब हवा तसा वाढवता-घटवता येतो. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली, ती एसीच. या प्रवाहाची दिशा सतत उलटते. तो थेट बॅटरीला जोडला, तर एका क्षणी भरलेले पुढच्याच क्षणी उपसले जाणार.

४/ यावर रूढ उपाय म्हणजे एसीच्या मोटरने डीसीचे जनित्र फिरवणे. समजा, दोन्ही यंत्रांची कार्यक्षमता प्रत्येकी ८० टक्के आहे. तर हाती उरते ६४ टक्के. शिवाय आवाज, वंगण, झिजणारे ब्रश आणि देखरेख. मोठ्या गॅरेजला हे परवडे. घरमालकाला ते जडच.

५/ इथे पीटर कूपर हेविट (१८६१–१९२१) हा संशोधक येतो. त्याचे वडील न्यूयॉर्कचे महापौर होते. पाऱ्याच्या वाफेचे दिवे बनवताना त्याच्या लक्षात आले की, त्यांतून वीज एकाच दिशेने वाहते. त्यातून १९०२ मध्ये पाऱ्याचा एकदिशकारी जन्मला.

६/ निर्वात केलेला काचेचा फुगा, तळाशी पारा, बाजूच्या नळ्यांत ग्रॅफाइटचे दोन अग्र. पाऱ्यावरच्या तप्त बिंदूतून इलेक्ट्रॉन सुटत. थंड ग्रॅफाइटमधून सुटत नसत. त्यामुळे प्रवाहाला उलट वाट नाही. वर गेलेली वाफ काचेवर थंडावून पुन्हा तळाशी ओघळे. निळसर प्रकाशाखेरीज आत हलणारे काही नाही!

७/ पण एसीचा प्रवाह दिशा बदलताना शून्यावर येतो, आणि ठिणगी क्षणभर जरी विझली तरी काम थांबे. म्हणून तारेची वेटोळी जोडत; ती प्रवाह थोडा रेंगाळत ठेवी, तोवर दुसरा अग्र भार उचले. सुरुवात करायला फुगा किंचित कलवावा लागे: पारा सांधला जाई, मग तुटे, आणि त्या तुटण्यातून ठिणगी पेटे.

८/ खरी गंमत कार्यक्षमतेत आहे. या फुग्यात प्रवाह कितीही असो, दाबाची घट साधारण १५ व्होल्टच राहते. १०० व्होल्टच्या बॅटरीसाठी ११५ पैकी १५, म्हणजे सुमारे १३ टक्के वाया. तीन घटांच्या, साडेसात व्होल्ट घेणाऱ्या बॅटरीसाठी मात्र साडेबावीसपैकी १५, म्हणजे दोन-तृतीयांश वाया! उपकरण तेच, मोटारीसाठी उत्तम, छोट्या बॅटरीसाठी उधळे. छोट्या बॅटऱ्यांसाठी पुढे जनरल इलेक्ट्रिकचा 'टंगार' बल्ब आला. त्याचे नाव त्यातल्या टंगस्टन आणि आर्गॉनवरून पडले.

९/ मग विजेची मोटार का हरली? चार्जर मिळाला, तरी चार्जिंगचे तास आणि बॅटरीचे वजन घटले नाही. पेट्रोल डब्यातून कुठेही नेता येई. इतिहास एका शोधाने वळतोच असे नाही. तरीही खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा १९१४ ची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवत असे.

१०/ आज पाऱ्याच्या जागी सिलिकॉन आणि गॅलियम नायट्राइड आले. आतले स्विच सेकंदाला हजारो-लाखो वेळा उघडझाप करतात, म्हणून रोहित्र नखाएवढ्या जागेतही मावू शकते. प्रश्न मात्र हेविटचाच: या वाटेवर किती व्होल्ट सोडून द्यायचे? आज रात्री फोन लावाल तेव्हा चार्जरला हात लावून पाहा. जाणवणारी ऊब म्हणजे वाटेत सांडलेली वीज.