पाणी धरणारी जमीन : बोदलकसा आणि झाडीपट्टीचे तलाव

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. जिथे गड नाही, लढाई नाही, तिथे इतिहासही नाही, अशी आपली एक समजूतच होऊन बसली आहे. मीही कितीतरी वर्षे वर्गात तहांच्या सनावळ्याच सांगत आलो. पुढे एकदा विद्यार्थ्यांना घेऊन तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा तलावावर गेलो. पाळीवर उभे असताना एका मुलाने विचारले, “सर, हा तलाव कोणी बांधला?” मी म्हणालो, “सरकारने, १९१७ साली.” त्यावर तो म्हणतो कसा, “मग त्याच्या आधी इथले लोक धान कशावर पिकवीत होते?” प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला वेळ लागला. तेच उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी जमीन बघू. जगात काही मुलूख चुनखडीचे असतात. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीला हळूहळू विरघळवते. भेगा रुंदावतात, गुहा तयार होतात, वाहती नदीसुद्धा जमिनीच्या पोटात गडप होते. युरोपात स्लोव्हेनिया देशात क्रास नावाचा असा प्रदेश आहे. त्याच देशातले त्सेर्कनित्सा सरोवर पावसाळी दिवसांत भरते आणि कोरड्या दिवसांत तळातल्या विवरांतून निघून जाते. अशा मुलखात तलाव बांधणे म्हणजे चाळणीत पाणी भरणे.

आपल्या झाडीपट्टीचा स्वभाव याच्या नेमका उलट. पश्चिम महाराष्ट्राचा काळा पाषाण इथे नाही आणि पाणी गिळणारी चुनखडीही नाही. इथे आहेत ते त्याहून कितीतरी जुने, कठीण खडक. या खडकात पाणी खोल मुरत नाही. म्हणून विहिरींचा भरवसा कमी, पण वर साठवलेले पाणी मात्र टिकते. त्यात गायखुरीच्या डोंगररांगा आणि त्यांच्या पायथ्याशी उतरत गेलेल्या जमिनी. दोन टेकड्यांच्या मधला नाला अडवला की तलाव झाला! निसर्गाने तीन बाजू बांधून दिल्या, चौथी तेवढी माणसाने बांधायची.

आता कोणी म्हणेल, इथे वर्षाला १,२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, मग तलाव हवेत कशाला? धानाच्या शेतकऱ्याला हे विचारून बघा. तो सांगेल, पाऊस किती पडला याला महत्त्व नाही, केव्हा पडला याला आहे. पऱ्हे टाकले, रोवणी झाली, बांध्या हिरव्यागार दिसू लागल्या, आणि हस्ताचे पाणी चुकले की लोंबीत दाणा भरत नाही. तणस हाती येते, धान येत नाही. जुलैचे पाणी ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवणे, एवढेच तलावाचे काम. पण या कामावर गावाचे जगणे अवलंबून.

हे काम केले कोणी? गोंड हे या मुलखाचे जुने रहिवासी. सालेकसा, दरेकसा, बोदलकसा ही एका वळणाची नावे कानांवर पडतात, तेव्हा त्या जुन्या वस्तीची आठवण होते. चांद्याच्या गोंड राजांविषयी अशी परंपरा सांगतात, की जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन सनदेने द्यावी, असा त्यांचा रिवाज होता. कोहळी समाज या विद्येत निष्णात. आपले पूर्वज काशीहून आले, असे ते परंपरेने सांगतात. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडलेला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातले पोवारही धानशेतीत आणि पाणी वळवण्यात तितकेच वाकबगार.

यांच्यापाशी दुर्बिणी नव्हत्या, नकाशे नव्हते. पावसाळ्यात पाणी कुठून धावते हे बघून त्यांनी पाळीची जागा ठरवली. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की पाणी खालच्या तलावात, तिथून बोडीत, बोडीतून बांध्यांत. पाणी वाटायला गावाने नेमलेला पाणकर असे. उन्हाळ्यात तळाचा गाळ शेतात जाई. त्याने शेत सुपीक होई आणि तलावही खोल राही.

इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या जमाबंदीत गावे मालगुजारांच्या मालकीची झाली आणि तलावही त्यांच्याकडे गेले. हा काळ सोन्याचा होता असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा पाणी आधी मालगुजाराच्या बांधीत जाई आणि राबणाऱ्याच्या वाट्याला उरलेसुरले येई. पण तलाव फुटला तर मालगुजाराचेही धान बुडे, त्यामुळे दुरुस्तीची जबाबदारी कोणावर तरी होती.

मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ मध्यप्रांतावर कोसळले. त्यानंतर सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे आयोग बसला. त्याचा अहवाल १९०३ साली आला. तोवर या प्रांतात सरकारी पाटबंधारे जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर मोठे तलाव उभे राहू लागले. रामटेकचा १९१३ साली, आपल्या बोदलकसाचा १९१७ साली, आसोलामेंढ्याचा १९१८ साली. बोदलकसाची मातीची पाळ सुमारे १९ मीटर उंच आणि ५१० मीटर लांब आहे. कागदोपत्री हे सरकारी काम. पण कल्पना तीच जुनी : टेकड्यांच्या मधली जागा हेरा, नाला अडवा, पाट काढा.

पुढचे प्रकरण जरा कडू आहे. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. ते योग्यच झाले. गावचे तलाव सरकारजमा झाले आणि तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’, थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात ते सहा हजारांवर आहेत. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदांकडे गेले. मात्र मालक बदलताना एक गोष्ट निसटली. पाणकराची नेमणूक, गाळ काढण्याची रीत आणि ‘तलाव आपला आहे’ ही भावना कोणत्याही दप्तरात नोंदवून हस्तांतरित करता येत नाही. ‘तलाव सरकारचा, सरकार बघेल,’ असे आपण म्हणू लागलो. कितीतरी तलाव गाळाने उथळ झाले, बेशरमच्या झुडपांनी कडा व्यापल्या. ढिवर बांधवांची मासळी घटली, आणि हस्ताचे पाणी चुकल्यावर शेतकरी पुन्हा आभाळाकडे बघू लागला. अलीकडे गाळ काढण्याच्या सरकारी योजना आल्या. काही गावांनी स्वतः पुढे होऊन तलाव साफ केले. पण एका उन्हाळ्याच्या कामाने शंभर वर्षांची रीत परत येत नाही.

गुरुजनहो, म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या तलावावर एकदा वर्ग भरवा. मुलांना पाळ पावलांनी मोजू द्या. पाट कोणत्या शेतांतून जातो, त्याचा नकाशा काढू द्या. वडीलधाऱ्यांना विचारून पाणकरांची नावे, पाण्याच्या पाळ्या, जुन्या माशांची नावे वहीत उतरवून घ्या. ती वही शाळेत जपून ठेवा. हा तुमच्या गावचा अस्सल इतिहास आहे आणि तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

त्या मुलाला मी काय उत्तर दिले? म्हणालो, “बाळा, त्याच्या आधीही तलाव होतेच. ते तुझ्या-माझ्या खापरपणज्यांनी बांधले होते.” तो थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मग आमच्या गावचा तलाव बुजला कसा?”

या प्रश्नाचे उत्तर मात्र मी एकट्याने द्यायचे नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.