साष्टींतील धर्मगुरूंची उणीव

बाळकुमच्या या ज्युबिलीप्रसंगीं मागें वळून पाहतांना एक गोष्ट आम्हांस विशेष जाणवते. देऊळ बांधणें एक वेळ सोपें; परंतु त्याच्या वेदीपाशीं उभा राहणारा धर्मगुरू मिळणें, व मिळाल्यावर त्याचा योगक्षेम चालविणें, हें कठीण. ही अडचण आजची नव्हे. ठाणें परिसरांत ती सातशें वर्षांची जुनी आहे.

इ. स. १३२१ च्या एप्रिलांत तोलेंतिनोचा थॉमस व त्याचे तीन सोबती ठाण्यास हुतात्मे झाले. त्यांचा सहप्रवासी दोमिनिकन जॉर्डन हा त्या वेळीं बाहेरगांवीं असल्यामुळें वांचला. त्यानें त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले, व पुढें एकट्यानेंच कार्य चालवून इराणांतील आपल्या बंधूंस पत्रें लिहिलीं कीं, आणखी धर्मोपदेशक पाठवा. ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासाच्या आरंभींच माणसें अपुरीं पडल्याचें हें गाऱ्हाणें आहे.

सोळाव्या शतकांत पोर्तुगेज अमलांत फ्रान्सिस्कन व जेज्विट संघांनीं साष्टींत देवळें उभारलीं. खर्चाचा मुख्य भार राजाच्या खजिन्यावर असे, आणि धर्मग्रामें परदेशी संघांच्या हातीं असत. देशी तरुणांस वाव थोडा. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरील मातेउश द कास्त्रु यांस गोव्यांत गुरुदीक्षा मिळेना, तेव्हां ते रोमला गेले; तेथें दीक्षा घेऊन १६३७ सालीं ते बिशप झाले.

पुढें १७३७ सालीं ठाणें व १७३९ सालीं वसई मराठ्यांनीं जिंकली. राजाचा खजिना गेला, त्यामागोमाग संघांचे पाद्रीहि गेले. तेव्हां येथील कळप कोणीं सांभाळला? ज्यांना पूर्वीं दूर ठेविलें होतें, त्या गोव्याच्या देशी पाद्र्यांनींच! १७६० सालीं आंकेतिल द्यु पेरों हा फ्रेंच प्रवासी ठाण्यास आला, त्या वेळीं मराठ्यांच्या राज्यांत ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणें पाळीत असल्याचें त्यास आढळलें.

यांतून आम्हांस एकच बोध घ्यावयाचा आहे. परक्या खजिन्यावर व परक्या माणसांवर विसंबलेला धर्मग्राम त्या खजिन्याबरोबर उघडा पडतो. आपल्यांतून निघालेला व आपण पोसलेला धर्मगुरू मात्र संकटांत टिकतो. गांवच्या क्रुसापाशीं जमून रोझारीची प्रार्थना करण्याची आमची रीत फार मोलाची आहे. परंतु क्रुसापाशीं प्रार्थना होते. धर्मगुरूवांचून मिस्सा होत नाहीं, कीं पापांची क्षमा मिळत नाहीं.

२०२२ अखेर जगांत सुमारें १३९ कोटी कॅथलिक व ४ लक्ष ७ हजार धर्मगुरू होते. म्हणजे एका धर्मगुरूमागें चौतीसशें माणसें. युरोपांत ही संख्या घटत आहे, तेव्हां तिकडून कोणी येईल ही आशा व्यर्थ होय. १९८३ च्या धर्मसंहितेचें २२२ वें कलम ख्रिस्तसभेच्या गरजा भागविण्याचें व तिच्या सेवकांच्या निर्वाहास हातभार लावण्याचें कर्तव्य आम्हां श्रद्धावंतांवरच ठेवितें.

दानपेटींत नाणें टाकणें हा त्या कर्तव्याचा लहान भाग आहे. वृद्ध व आजारी फादरांची विचारपूस करणें हा दुसरा. आणि घरांतील मुलानें 'मला पाद्री व्हावयाचें आहे' असें म्हटलें असतां आईबापांनीं त्यास परावृत्त न करणें, हा सर्वांत कठीण व सर्वांत मोठा भाग होय. बाळकुमच्या घराघरांतून ही तिन्ही दानें मिळोत, व पुढील ज्युबिलीस आमची वेदी रिकामी न राहो, हीच परमेश्वरचरणीं आमची प्रार्थना!